उसने आयुष्य : मराठवाड्याच्या चरित्रपरंपरेतील मृतसंजीवनाच्या कथा

१

मेलेल्याला उठवणारा सिद्धपुरुष कथेत एकदा अवतरला, की कथनकारापुढे एक अडचण कायमची उभी राहते. ज्याने एकाला उठवले त्याने दुसऱ्याला का उठवू नये? ही अडचण श्रद्धेची नाही, ती कथनाची आहे. भाविक श्रोत्याला ईश्वरी सत्तेची मर्यादा विचारावीशी वाटत नाही. कथेला मात्र मर्यादेवाचून चालत नाही. मरण अखेरचे राहिले नाही, तर शोक, त्याग आणि वियोग यांनाही वजन उरत नाही. म्हणून मृतसंजीवनाची प्रत्येक कथा मरण मागे हटवते आणि त्याच वेळी त्याची सत्ता अन्यत्र अबाधित राहील अशी तजवीजही करते. ही तजवीज कशी केली जाते, हे पाहणे म्हणजे त्या कथेमागील समाजाची घडण पाहणे होय.

मराठी संतचरित्रांतील चमत्कारांचा विचार प्रायः दोन पद्धतींनी झाला आहे. इतिहासनिष्ठ अभ्यासकांनी चमत्कार वजा करून उरेल तेवढे चरित्र ग्राह्य धरले. रूपकवाद्यांनी चमत्काराचे आध्यात्मिक अर्थांतर करून तो स्वीकारला. दोन्ही पद्धतींत कथेचा तपशील निकामी ठरतो. पहिलीत तो खोटा म्हणून गळतो, दुसरीत तो गौण म्हणून विरतो. चमत्कार घडला की नाही, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून तो कुणाला, कोणत्या अटींवर आणि कशाच्या मोबदल्यात उपलब्ध झाला असे विचारले, तर याच तपशिलांना वाचा फुटते. माहूर, नांदेड, तेर आणि बीदर या परिसराशी निगडित कथांचा एक लक्षणीय समूह या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

२

हा प्रश्न सर्वांत उघडपणे मांडला गेला तो एका अनपेक्षित ठिकाणी. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिकाखेळ प्रसिद्ध केला. खेळाडूंनी काल्पनिक पात्रे धारण करायची आणि सूत्रधाराच्या साहाय्याने बसल्या जागी एक साहसकथा रचत जायची, असे या खेळाचे स्वरूप आहे. त्यात 'क्लेरिक' नावाचा एक पात्रवर्ग आहे. हा दैवी कृपेने मंत्रसामर्थ्य मिळालेला पुरोहित असून पुरेसा वरच्या पायरीला पोचल्यावर तो मृताला उठवू शकतो. खेळाच्या रचनाकारांना लवकरच कळून चुकले, की असा पुरोहित गावोगावी सहज भेटू लागला तर पात्राच्या मरणाचे गांभीर्यच नाहीसे होईल आणि त्याबरोबर कथाही संपेल.

त्यांनी काढलेले उपाय नियमांच्या पुस्तकांत नोंदलेले आहेत. १९७८च्या नियमांनुसार उठवलेल्या पात्राची शरीरप्रकृती दर वेळी एका अंकाने क्षीण होई आणि त्यामुळे एकाच पात्राने किती वेळा परतावे यालाही सीमा पडे. १९७९च्या सूत्रधार-पुस्तिकेत परक्या पुरोहिताने अशा सेवांसाठी किती द्रव्य घ्यावे, याचे कोष्टकच दिलेले होते. २०१४च्या आवृत्तीत मृत्यू दहा दिवसांच्या आतला असावा, पाचशे सुवर्णमुद्रा किमतीचा हिरा खर्ची पडावा आणि मृताच्या आत्म्याची परतण्यास संमती असावी, अशा अटी आहेत. खेळाच्या संहितेने जे कोष्टकात मांडले, ते चरित्रग्रंथांनी कथानकात मुरवले. कोष्टक दिसत नाही म्हणून ते नसते असे नाही. उलट, जो दर लिहिलेला नसतो तो दर आहे हेच श्रोत्याच्या ध्यानात येत नाही, आणि म्हणूनच तो अधिक परिणामकारक ठरतो.

३

नांदेड जिल्ह्यातील माहूर हे या विषयाचे नैसर्गिक आरंभस्थान होय. माहूरची रेणुका ही स्वतःच एका मृतसंजीवनकथेची नायिका आहे. महाभारताच्या वनपर्वातील कथा सर्वश्रुत आहे. जमदग्नीच्या आज्ञेवरून परशुरामाने मातेचा वध केला, आणि प्रसन्न झालेल्या पित्याकडे पहिला वर मागितला तो माता जिवंत व्हावी हा. या वराला जोडलेले एक उपकलम मात्र सहसा दुर्लक्षिले जाते. आपला वध झाल्याचे मातेला स्मरण राहू नये, असेही परशुरामाने मागून घेतले. संजीवनाची किंमत येथे स्मृतीच्या रूपाने वसूल होते, आणि ती देते रेणुका. आज्ञा देणारा पिता आणि ती पाळणारा पुत्र यांना सर्व आठवते. जिच्यावर शस्त्र चालले तिलाच त्याचे विस्मरण होते. कुटुंब पूर्ववत होण्यासाठी हे विस्मरण आवश्यक होते, कारण आठवणीसह परतलेली रेणुका त्या आश्रमात पूर्ववत नांदू शकली नसती.

कथेच्या उत्तरार्धात जमदग्नी मारला जातो. ज्याच्या शब्दाने पत्नी उठली, त्याला मात्र कुणी उठवत नाही. माहूरच्या क्षेत्रपरंपरेनुसार परशुरामाने दत्तात्रेयाच्या आचार्यत्वाखाली पित्याचे अंत्यसंस्कार तेथेच केले आणि रेणुका सती गेली. पुढे भूमीतून वर आलेला तिचा मुखवटाच तेथे तांदळारूपाने पूजिला जातो. एक संजीवन आणि एक सहगमन अशा दोन घटनांवर हे क्षेत्र उभे आहे. या दोहोंचा परस्परसंबंध पुढील कथांतून पुन्हा पुन्हा प्रत्ययाला येतो.

महानुभाव परंपरेतही माहूर याच अर्थाने महत्त्वाचे आहे. चांगदेव राऊळ अर्थात चक्रपाणी यांना दत्तात्रेयांकडून शक्तीचा स्वीकार घडला तो माहूरच्या परिसरात. हेच चांगदेव राऊळ पुढे द्वारावतीला देहत्याग करतात आणि भडोचच्या प्रधानपुत्र हरपाळदेवाच्या मृत देहात प्रवेश करतात. चितेवरचा देह उठतो आणि त्याच देहाने पुढे चक्रधर महाराष्ट्रात येतात. गर्भातून होणारा अवतार आणि मृत देहाचा स्वीकार करून होणारा 'पतित' अवतार असा भेद महानुभावांचे तत्त्वज्ञान करते. याचा अर्थ, येथे हरपाळदेव परत आलेला नाहीच. आप्तांना वाटते की मुलगा वाचला. परत मिळाला आहे तो केवळ देह. मृतसंजीवनाच्या कथेला दिलेली ही कलाटणी विलक्षण धाडसी आहे. उठलेला माणूस तोच असतो, हे इतर कथांनी गृहीत धरलेले आहे; महानुभावांची कथा नेमके तेच गृहीतक काढून घेते. संसारात परतलेला हा पुरुष अखेर संसार सोडून निघून जातो, आणि त्याच्या घरच्यांचा वियोग टळत नाही, फक्त लांबतो.

४

या समूहातील सर्वांत विस्तृत कथा सरस्वती गंगाधरांच्या सोळाव्या शतकातील 'गुरुचरित्रा'त आहे. तिने तिसावा, एकतिसावा आणि बत्तिसावा असे तीन अध्याय व्यापले आहेत. माहूरच्या गोपीनाथ नावाच्या धनवान ब्राह्मणाचा, दत्तभक्तीने लाभलेला पुत्र क्षयाने खंगतो. पत्नी त्याला घेऊन श्रीनृसिंहसरस्वतींच्या दर्शनासाठी गाणगापूरला निघते. प्रवासाच्या अखेरीस पती मरण पावतो. पुढे काय होणार, हे ग्रंथाच्या श्रोत्याला ठाऊक असते; पण ग्रंथकार ते लगेच घडू देत नाही. मृत देह आणि संजीवन यांच्यामध्ये तो एका जटाधारी योग्याला उभा करतो, आणि हा योगी त्या स्त्रीला पतिव्रतेचा धर्म, सहगमनाचा महिमा आणि विधवेचे आचार सविस्तर सांगतो.

कथनाच्या दृष्टीने हा विलंब अत्यंत अर्थपूर्ण आहे. शव समोर असताना एवढे दीर्घ निरूपण ऐकवणे व्यवहारात अशक्यप्राय वाटेल. कथेत मात्र तेच संजीवनाचे शुल्क आहे. पती उठण्यापूर्वी पत्नीने संपूर्ण आचारसंहिता ऐकली पाहिजे आणि तिच्यातील दोन मार्गांपैकी एकाची निवडही केली पाहिजे. ती वैधव्याचे आचरण तरुणपणी कठीण जाईल असे म्हणून सहगमन पत्करते. योगी तिला रुद्राक्ष व भस्म देतो आणि अग्निप्रवेशापूर्वी गुरूंचे दर्शन घेण्यास सांगतो. दर्शनाला आलेल्या स्त्रीला गुरू अष्टपुत्रा सौभाग्यवती होण्याचा आशीर्वाद देतात, लोक वस्तुस्थिती निवेदन करतात, शव आणवले जाते, रुद्राभिषेकाचे तीर्थ शिंपडले जाते आणि मृत उठून बसतो. तो योगी म्हणजे वेष पालटून आलेले गुरूच होते, हे नंतर उघड होते. शिरोळच्या ब्राह्मण स्त्रीच्या मृत बालकाच्या कथेतही हाच क्रम आढळतो: आधी वेषांतरित उपदेशक, मग निरूपण, आणि शेवटी जीवदान. संजीवन हा या ग्रंथात उपदेशाचा उपसंहार आहे.

या प्रसंगातील सर्वांत मार्मिक क्षण त्यानंतरचा आहे. जमलेल्यांतील एक चिकित्सक ब्राह्मण विचारतो, की ब्रह्मदेवाने लिहिलेले जर अटळ असेल, तर मेलेला उठला कसा? ग्रंथकाराने ही शंका दडपली नाही, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. गुरूंचे उत्तर असे, की या पुरुषाचे पुढील जन्मातील आयुष्य उसने घेतले आहे. कर्मसिद्धान्ताची वही येथे कोरी होत नाही. एका खात्यातील रक्कम दुसऱ्यात वळती होते. मिळालेले आयुष्य हे दान नसून आगाऊ उचल आहे. या एका उत्तराने संजीवनही सिद्ध होते आणि विधिलिखिताची प्रतिष्ठाही टिकते. कृपेचा सर्वोच्च आविष्कारही अखेर हिशेबाच्या भाषेत बोलतो, ही या ग्रंथाच्या विश्वदृष्टीची खूण मानावी लागेल.

मात्र हिशेबात एक नोंद राहून जाते. उसने घेतले ते पतीचे आयुष्य. तारण म्हणून ठेवला गेला तो पत्नीचा देह. ती जळायला सिद्ध झाली नसती, तर कथा पुढे सरकली असती काय, हा प्रश्न संहिता कुणालाच विचारू देत नाही. विधवेच्या आचारांचे एवढे कठोर वर्णन ऐकून सहगमनाकडे वळलेल्या ज्या अगणित स्त्रियांच्या वाटेवर गुरू आडवे आले नाहीत, त्यांच्यासाठी निरूपणाचे अध्याय तेवढे उरले. चमत्कार एकीला लाभला. नियम सर्वांना लागू झाला.

५

वारकरी परंपरेत हाच विषय वेगळ्या वळणाने येतो. तेथे मृताला उठवणारा संत नव्हे, देव असतो. संताकडे असते ती फक्त आळवणी. बादशहाने नामदेवांपुढे गाय मारून ती उठवण्याचे आव्हान दिल्याची कथा मराठी परंपरेत बहुधा बीदरशी जोडली जाते, क्वचित दिल्लीशी. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा मानला जातो, तर बीदर ही बहमनी राजधानी झाली पंधराव्या शतकात. कथेतील दरबार हा नामदेवांच्या आयुष्यातला नसून ती कथा सांगणाऱ्यांच्या काळातला आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

या कथेचे एक जुने पद्यरूप गुरुग्रंथसाहिबात, नामदेवांच्या नावावरील एकसष्ट पदांत, भैरव रागात समाविष्ट आहे. त्यात सुलतान नामदेवांना बांधतो, हत्ती अंगावर घालतो. लोक नामदेवांच्या भारंभार सोने देऊ करतात आणि सुलतान ते नाकारतो. आई पुत्राला राम सोडण्याची विनवणी करते आणि पुत्र ती मानत नाही. आपल्या करण्याने काही होत नाही, असे नामदेव प्रथमच स्पष्ट करतात. अखेर देव येतो आणि गाय दूध देते. सोन्याने सुटका विकत घेण्याचा पर्याय कथेत मुद्दाम आणून नाकारला आहे, ही बाब महत्त्वाची आहे. येथे शुल्क द्रव्याचे नाही; भक्ताने स्वतःचा जीव डावावर लावायचा आहे.

हा ग्रंथ ज्या ठिकाणी गुरुपदी स्थापित झाला ते नांदेड, ही केवळ योगायोगाची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. १७०८ साली गोदावरीच्या काठी गुरू गोविंदसिंगांनी माधोदास बैराग्याला शिष्य केले. हा बैरागी, म्हणजे पुढचा बंदासिंग, तंत्रमंत्रात निष्णात होता आणि त्याच्या विद्या गुरूंपुढे निष्फळ ठरल्या, असे परंपरा सांगते. त्याच वर्षी घातक हल्ल्यातील जखमेने गुरूंचे देहावसान झाले. त्यांनी स्वतःला वाचवल्याची वा परतल्याची कथा परंपरेला मध्यवर्ती वाटली नाही. मध्यवर्ती ठरले ते ग्रंथाकडे गुरुपद सोपवणे. शीख परंपरेत संजीवनाविषयी एक जुना संकोचही आहे. गुरू हरगोविंदांचे पुत्र बाबा अटल यांनी सर्पदंशाने मेलेल्या खेळगड्याला उठवले, पित्याने ईश्वरी इच्छेत ढवळाढवळ केल्याबद्दल बोल लावला, आणि नऊ वर्षांच्या त्या बालकाने १६२८ साली त्या जिवाच्या बदल्यात स्वतःचा जीव दिला, अशी ती कथा आहे. एका जिवाला एक जीव. 'गुरुचरित्रा'तील उसनवारीपेक्षा हा हिशेब कठोर आहे, पण तो अधिक सरळ आहे. ज्याने सामर्थ्य वापरले त्यानेच किंमत मोजली.

लातूरला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गोरोबांचे गाव. महीपतींनी 'भक्तविजया'त (१७६२) विस्ताराने सांगितलेल्या त्यांच्या कथेत नामस्मरणात बुडालेल्या गोरोबांच्या पायांखाली, चिखल तुडवताना, स्वतःचे रांगते मूल चिरडले जाते. पुढे एका शपथेच्या गुंत्यात ते स्वतःचे हात तोडून टाकतात. पंढरपुरी नामदेवांच्या कीर्तनात थोट्या हातांनी टाळी वाजवू पाहताना हात फुटतात, आणि आईने आळवल्यावर मूल रांगत येते. या कथेचे वैशिष्ट्य असे, की मरणाला कारणीभूत झालेली गोष्ट आणि मरण परतवणारी गोष्ट एकच आहे: भजनातील तल्लीनता. मुलाच्या आईचा आक्रोश कथेत दुर्लक्षिला जात नाही. भक्तीने घरावर ओढवलेल्या हानीचा जाब तीच विचारते. भक्तीचा हा अपराध कथेला सलत असावा, म्हणूनच तिने हात आणि मूल दोन्ही परत केले.

६

गाईच्या कथेत नामदेव आहेत. गोरोबांच्या मुलाच्या कथेत नामदेव आहेत. तिसऱ्या एका मरणकथेतही नामदेव आहेत, आणि तेथे कुणी उठत नाही.

मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर वेठीने राबणाऱ्या महारांच्या अंगावर १३३८ साली भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गाडले गेले. परंपरा सांगते, की नामदेव तेथे गेले, ढिगाऱ्यातील अस्थी कानाशी लावून पाहिल्या, आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनाम उमटले त्या चोखोबांच्या म्हणून ओळखून पंढरपूरला आणल्या. महाद्वारासमोर, जेथपर्यंत चोखोबांना जिवंतपणी येऊ दिले जात होते साधारण तेथेच, त्यांची समाधी झाली.

सांप्रदायिक अन्वयार्थ असा, की चोखोबांना संजीवनाची गरज नव्हती. अस्थींनाही नाम लागावे ही अवस्था पुन्हा जगण्याहून थोर आहे. या अन्वयार्थात बळ आहे आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. अस्थींच्या कथेचे करुणगंभीर सौंदर्य गाईच्या कथेत नाही, हेही मान्य करावे लागेल. परंतु एकाच परंपरेने, एकाच नामदेवांच्या भोवती, तीन मृत्यूंची तीन भिन्न निरसने रचली, ही वस्तुस्थिती त्याने पुसली जात नाही. गाय उठली, कारण दरबारात धर्माची प्रतिष्ठा पणाला लागली होती. कुंभाराचे मूल उठले, कारण भक्तीवर आलेला आळ दूर व्हायला हवा होता. वेठीच्या भिंतीखाली सापडलेल्या माणसाच्या मरणाने कुणाचीच प्रतिष्ठा पणाला लागली नव्हती. त्या भिंतीखाली आणखी किती जण होते आणि त्यांच्या अस्थींतून काय उमटले, याविषयी कथा मूक आहे. किंबहुना ज्यांच्या अस्थी बोलल्या नाहीत त्यांच्यामुळेच चोखोबांच्या अस्थी ओळखता आल्या. चोखोबांना मिळालेला सन्मान खरा आहे. तो जगण्याच्या मोबदल्यात मिळाला, हेही तितकेच खरे आहे.

येथे खेळाच्या कोष्टकाशी तुलना पुन्हा उपयोगी पडते. त्यात दर सर्वांना सारखा असतो. ज्याच्याकडे हिरा नाही त्याला निदान हिरा नसल्यामुळे आपण नाकारले गेलो हे कळते. चरित्रपरंपरेतील दर पात्रपरत्वे बदलतो, आणि नकार हा नकार म्हणून नव्हे, तर उच्चतर कृपा म्हणून सांगितला जातो.

७

या कथांचा प्रश्न केवळ ग्रंथांपुरता राहिलेला नाही. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणे आणि पैसा मिळवणे हा त्याने गुन्हा ठरवला. पण दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन व प्रसार त्याने कक्षेबाहेर ठेवला. कायद्याने ओढलेली ही रेघ वाङ्मयविचाराच्या दृष्टीने लक्षणीय आहे. जिवंत माणसाचा चमत्कार हा व्यवहार आहे आणि दिवंगताचा चमत्कार हे कथन आहे, असे तिने मान्य केले. हा भेद योग्यच म्हणावा लागेल. मात्र त्यामुळे कथनाची जबाबदारी संपत नाही. उलट न्यायालय जिथे थांबते तिथून समीक्षेचे काम सुरू होते.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या घरात माणसे गेली. गोरोबांचे तेर येथून दूर नाही, आणि या गावांतही भजन होते, पारायणे होती, आदल्या दिवशीच गणेशविसर्जन झाले होते. कुणी उठले नाही, आणि कुणी उठेल अशी अपेक्षाही कुणी केली नाही. मृतसंजीवनाच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या ऐकणाऱ्या समाजाला कथेतील मरण आणि ढिगाऱ्यातील मरण यांतला भेद नेहमीच कळत आला आहे. त्या कथांनी मरण टळेल असे त्याला शिकवले नाही. कुणाचे मरण टळावे असे वाटणे रास्त, आणि कुणाचे मरण सोसून त्याला थोर म्हणणे पुरेसे, हे मात्र त्यांनी नकळत शिकवले. मंगळवेढ्याच्या भिंतीखालच्या, नाव न राहिलेल्या माणसांची कथा म्हणूनच अद्याप लिहिली जायची आहे.